डिमर घ्यायचाय? आधी बल्ब बघा, मग बोर्ड उघडा!

इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली की घरच्यांच्या दृष्टीने आपण सगळ्याच विषयांतले तज्ज्ञ होतो. ब्रँच मेकॅनिकल असो नाहीतर सिव्हिल, मिक्सर बंद पडला किंवा इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला की फोन आपल्यालाच! हल्ली या फोनमध्ये एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे: "अरे, मोबाईलवरून दिवे कमी-जास्त करता येतात म्हणे. आपल्या घराला कोणतं बटण घेऊ?"

पुण्यात नवा फ्लॅट घेणाऱ्याला हा प्रश्न फारसा अवघड नाही. वायरिंग व्हायच्या आधीच सांगितलं की पाहिजे ती वायर पाहिजे त्या बॉक्समध्ये येते. पण खरी मजा (आणि खरी पंचाईत) जुन्या घरात आहे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, धामणीच्या शेजारी, लोणी नावाचं गाव आहे. तिथलं एखादं नेहमीसारखं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर, वर जाणारा जिना, मागे अंगण आणि पलीकडे गोठा. भिंतीवर सनमायकाचे बोर्ड, त्यावर काळी नाहीतर पांढरी बटणं, एक प्लग आणि एक पंख्याचा रेग्युलेटर. वायरिंग पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आणि ते करणारा वायरमन आता कुठे असतो ते कुणालाच माहीत नाही. अशा घरात स्मार्ट डिमर बसवायचा तर निवड कशी करायची, हे या लेखात बघू.

सगळ्या लेखाचा फंडा आधीच सांगून टाकतो. डिमर अ‍ॅप बघून निवडायचा नसतो. तो आधी बल्बवरून आणि मग बोर्डातल्या वायरींवरून निवडायचा असतो. आणि नेट गेलं, मोबाईल हरवला, कंपनी बुडाली, काहीही झालं तरी भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या हा काही गोष्टीतला प्राणी नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी खास निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजा. रात्री दोन वाजता गोठ्याकडे जायला निघालेल्या आजीला "थांब, अ‍ॅप अपडेट होतंय" असं सांगता येत नाही.

डिमर नेमकं करतो काय?

पूर्वी डिमर म्हणजे मोठा रिओस्टॅट असायचा. जास्तीची वीज तो स्वतःच तापून उडवायचा. नाटकाच्या थिएटरात ते ठीक होतं, घरच्या भिंतीत कोण बसवणार? १९५९ साली जोएल स्पायरा या अमेरिकन संशोधकाने सेमीकंडक्टर वापरून भिंतीतल्या बॉक्समध्ये मावेल एवढा डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. आजचे बहुतेक डिमर त्याच कल्पनेवर चालतात.

कल्पना सोपी आहे. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे एका सेकंदात १०० अर्धलाटा, प्रत्येक १० मिलिसेकंदांची. डिमर प्रत्येक अर्धलाटेचा काही भाग कापून टाकतो. ट्रायॅकवाला डिमर लाटेची सुरुवात कापतो, याला लीडिंग एज म्हणतात. मॉस्फेटवाला डिमर लाटेचा शेवट कापतो, तो ट्रेलिंग एज. अर्धी लाट, म्हणजे ५ मिलिसेकंद, कापली तर साध्या रेझिस्टन्सच्या लोडवर आरएमएस व्होल्टेज २३० वरून सुमारे १६३ होतं आणि पॉवर बरोबर निम्मी होते. (पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हायवाला हे हमखास विचारतात, तेव्हा लेख वाचून झाल्यावर आकडेमोड करून बघा.)

जुन्या पिवळ्या बल्बला हे सगळं मस्त चालायचं. तार तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सेकंदाला १०० वेळा वीज तुटली तरी डोळ्याला प्रकाश सलगच दिसायचा. घोळ सुरू झाला तो एलईडी आल्यावर.

पायरी पहिली: बल्ब बघा

५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि ९ वॅटचा एलईडी बल्ब गावोगावी पोचला. देशभरात असे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आज लोणीतल्या कोणत्याही घरात वर बघितलं तर बहुधा एलईडीच दिसेल.

एलईडी बल्बच्या पोटात एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचं काम एकच: बाहेरचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी एलईडीला ठराविक करंट द्यायचा. आता गंमत बघा. डिमर व्होल्टेज कापून सांगतोय "उजेड कमी कर" आणि ड्रायव्हर जिवाच्या आकांताने उजेड तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतोय! या भांडणात बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो, अर्ध्यावर अचानक विझतो आणि लवकर जातो.

म्हणून खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं असेल तरच तो बल्ब डिमरवर लावायचा. डिमेबल बल्बचा ड्रायव्हर कापलेली लाट ओळखतो आणि त्या प्रमाणात करंट कमी करतो. साध्या बल्बवर असं काही लिहिलेलं नसतं आणि लिहिलेलं नसेल तर तो डिमेबल नाही असंच समजायचं. चोक-स्टार्टरवाली जुनी ट्यूब, सीएफएल आणि साधी एलईडी बॅटन यांना तर डिमरच्या जवळपासही नेऊ नका.

दुसरी अडचण लोड कमी असण्याची. ट्रायॅक एकदा चालू झाला की चालू राहायला त्याच्यातून ठराविक करंट वाहत राहावा लागतो, त्याला होल्डिंग करंट म्हणतात. ६० वॅटच्या बल्बला सुमारे पाव अँपिअर लागायचा, त्यामुळे प्रश्नच नव्हता. ९ वॅटच्या एलईडीला जेमतेम ४० मिलिअँपिअरच्या आसपास लागतो. डिम केल्यावर तो आणखी कमी होतो आणि ट्रायॅक मध्येच सोडून देतो. म्हणून डिमरच्या कागदावर 'कमीत कमी लोड' किती ते बघायचं. तिथे ४० वॅट लिहिलं असेल तर ९ वॅटच्या एका बल्बवर तो नीट चालणार नाही. एलईडीसाठी शक्यतो ट्रेलिंग एजवाला डिमर घ्यावा, त्याच्याबरोबर लुकलुकणं कमी असतं. जास्तीत जास्त लोडचा आकडाही एलईडीसाठी वेगळा आणि बराच कमी दिलेला असतो. पिवळ्या बल्बसाठीचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका.

आणि एक ताकीद. पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे डिमर नव्हे! हल्लीच्या पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात. त्यावर दिवा लावायचा नाही आणि दिव्याच्या डिमरवर पंखा लावायचा नाही. पंख्याची मोटर घरघरेल, तापेल आणि डिमरही जाईल.

पायरी दुसरी: बोर्डात न्यूट्रल आहे का?

साधं बटण फक्त फेज तोडतं-जोडतं, त्याला न्यूट्रलची गरजच नसते. पण स्मार्ट बटणाच्या आत रेडिओ आणि प्रोसेसर असतो. दिवा बंद असतानाही तो जागा राहायला हवा, नाहीतर मोबाईलचा निरोप ऐकणार कोण? म्हणजे त्याला स्वतःसाठी चोवीस तास वीज हवी आणि त्यासाठी फेजबरोबर न्यूट्रलही हवं.

परदेशातली माहितीपत्रकं वाचली की वाटतं, जुन्या घरात न्यूट्रल मिळणं महाकठीण. पण इथे आपल्या पद्धतीचा फायदा होतो. आपल्या बोर्डावर बटणांच्या शेजारीच थ्री-पिन प्लग असतो आणि प्लगला न्यूट्रल आणलेलंच असतं. त्यामुळे ज्या बोर्डावर प्लग आहे, तिथे न्यूट्रल असणार हे जवळजवळ नक्की. जिथे फक्त एकटं बटण आहे, म्हणजे जिन्याचं टू-वे बटण, पलंगाशेजारचं बटण, बाथरूमच्या बाहेरचं बटण, तिथे ते नसण्याची शक्यता जास्त.

न्यूट्रल नसेल तर? 'न्यूट्रल नको' असेही डिमर मिळतात. ते आपल्यापुरती थोडी वीज दिव्यातूनच ओढतात. याचा एक मजेशीर दुष्परिणाम होतो: दिवा बंद केला तरी एलईडी अंधारात मिणमिणत राहतो. त्यावर उपाय म्हणून दिव्याच्या होल्डरजवळ बायपास नावाचा एक छोटा भाग जोडतात, म्हणजे ती थोडीशी वीज एलईडीऐवजी त्याच्यातून जाते. चालतं, पण न्यूट्रल मिळत असेल तर न्यूट्रलवालाच घ्यावा.

बोर्ड उघडल्यावर रंगांवर विश्वास ठेवू नका. नियमाप्रमाणे आपल्याकडे फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी. प्रत्यक्षात त्या दिवशी दुकानात जी वायर होती ती टाकलेली असते. त्यामुळे टेस्टर आणि मल्टिमीटरने तपासायचं. आणखी एक गोष्ट जरूर तपासा: बटण फेजवर आहे की चुकून न्यूट्रलवर? न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत राहतो. बल्ब बदलताना शॉक बसतो तो यामुळेच. असं वायरिंग सापडलं तर डिमर राहू दे बाजूला, आधी ते दुरुस्त करा.

आणि उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद, हे सांगायला नकोच. पण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करून भागत नाही! इन्व्हर्टरची लाईन त्याच बोर्डात वेगळी आलेली असते आणि मेन बंद होताच इन्व्हर्टर इमानदारीने ती चालू करतो. दोन्ही बंद करायचे, टेस्टरने प्रत्येक वायर तपासायची, मगच हात लावायचा. शंका असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. आपण सर्किट सोडवतो, तो रोज भिंत सोडवतो. दोन्हींत फरक आहे.

पायरी तिसरी: चार पर्याय

एक, स्मार्ट बल्ब. वायरिंगला हात लावायचा नाही, जुना काढून नवा लावायचा. उजेड कमी-जास्त करणं बल्बच्या आतच होतं, त्यामुळे लाट कापायची भानगड नाही. पण त्याला सतत वीज हवी. कोणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब झोपला आणि मोबाईल बिचारा ओरडत बसला. हा बल्ब डिमरवर कधीही लावायचा नाही.

दोन, डिमर मॉड्यूल. काडेपेटीएवढी डबी, ती बोर्डाच्या मागे बसते आणि पुढचं नेहमीचं बटण तसंच राहतं. जुन्या घराला हा पर्याय उत्तम. नवीन पद्धतीच्या भिंतीत पुरलेल्या बॉक्समध्ये जागेची मारामार असते, उलट आपल्या जुन्या सनमायकाच्या बोर्डाच्या मागे भरपूर पोकळी असते. फक्त डिमर थोडा तापतो हे लक्षात ठेवा. ट्रायॅकवर साधारण एक ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे १०० वॅटच्या लोडला अर्धा वॅटभर उष्णता. फार नाही, पण लाकडी बोर्डात वायरींच्या गुंत्यात दाबून बसवू नका, हवा खेळू द्या.

तीन, स्मार्ट डिमर स्विच. म्हणजे जुनं बटण काढून त्या जागी नवं टच पॅनेल. दिसतं झकास. पण जुन्या बोर्डाच्या भोकात ते बसत नाही, अख्खी प्लेट बदलावी लागते. शिवाय काळोखात काच चाचपडत बोट फिरवणं म्हाताऱ्या माणसांना जमतंच असं नाही.

चार, साधं स्मार्ट रिले मॉड्यूल. हे फक्त चालू-बंद करतं, कमी-जास्त नाही. लोकांना हे कमी प्रतीचं वाटतं, पण अर्ध्याहून जास्त दिव्यांना खरी गरज एवढीच असते. यावर कोणताही एलईडी चालतो, कारण लाट कापली जात नाही.

परदेशातले नातेवाईक येताना डिमर घेऊन येणार असतील तर आधीच फोन करून थांबवा. अमेरिकेतला डिमर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपल्या २३० वर त्याचं काय होईल हे सांगायची गरज नाही.

मोबाईलचा निरोप बटणापर्यंत जातो कसा?

वायफायवालं मॉड्यूल थेट घरच्या राउटरला जोडलं जातं. वेगळा हब लागत नाही, म्हणून एक-दोन दिव्यांसाठी हे सोयीचं. पण जाड दगडी भिंतीपलीकडे सिग्नल मरतो. झिग्बीला हब लागतो, पण प्रत्येक कायम वीज असलेलं मॉड्यूल पुढच्याला निरोप पोचवतं, हनुमानजयंतीच्या प्रसादाच्या रांगेसारखं हातोहात! त्यामुळे लांबलचक घरात ते बरं. दोन्ही साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सी मात्र देशागणिक बदलते. भारतात ती ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, अमेरिकेत ९०८ च्या आसपास. तिकडचं मॉड्यूल इथे चालवणं नियमातही बसत नाही आणि इथल्या हबशी ते बोलणारही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर नावाचं समाईक मानक आलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी बोलाव्यात आणि घरातल्या घरात बोलाव्यात, हा त्याचा हेतू. खोक्यावर ते चिन्ह असेल तर चांगलंच.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो हा: "इंटरनेट बंद असेल तर हे चालतं का?" काही मॉड्यूल शेजारच्या खोलीतला निरोपही आधी परदेशातल्या सर्व्हरला पाठवतात आणि तिकडून परत आणतात. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची कंपनी स्मार्ट डिमर बनवायची. एप्रिल २०२२ मध्ये तिचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि लोकांची अ‍ॅप्स एका रात्रीत निकामी झाली. नंतर जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी मिळून ती विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. मधल्या काळात काय चाललं? भिंतीवरची बटणं! ती कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हती. सुरुवातीला सांगितलेल्या फंड्याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

गावची वीज

शहरातल्या माहितीपत्रकात न येणाऱ्या तीन गोष्टी गावात बघाव्या लागतात.

पहिली, व्होल्टेज. संध्याकाळी आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की दिवे मंद होतात, मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज उसळतं. मॉड्यूल किती ते किती व्होल्टला चालतं हा आकडा बघा आणि पट्टा जेवढा रुंद तेवढं बरं. थ्री-फेज लाईनचं न्यूट्रल तुटलं तर सिंगल-फेज घरात २३० च्या जागी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढू शकतं. तेव्हा घरातलं सगळंच इलेक्ट्रॉनिक धोक्यात येतं. म्हणून अर्थिंग, एमसीबी, आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर यांवर आधी खर्च करा, स्मार्टपणा नंतर.

दुसरी, वीज परत आल्यावर काय होतं? काही मॉड्यूल वीज आली की दिवा आपोआप चालू करतात. रात्री तीनला लाईट आली आणि अख्खं घर उजळून निघालं, असं व्हायचं! 'वीज आल्यावर बंद राहा' किंवा 'आधी होतं तसं राहा' अशी सोय आहे का ते बघा.

तिसरी, इन्व्हर्टर. लाट कापणारा डिमर साईन वेव्ह इन्व्हर्टरवरच नीट चालतो. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची लाटच चौकोनी असते, मग डिमर गोंधळतो, दिवे लुकलुकतात. आणि दिव्यांसाठी इन्व्हर्टर आहे पण राउटर त्यावर नाही, तर लाईट गेल्यावर मोबाईल आणि बटण यांची ताटातूट ठरलेलीच.

खोडदचे शेजारी

लोणीच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ तीन फांद्यांवर दूरदूर पसरलेल्या. ४ ऑक्टोबर २००१ ला ती जगाच्या शास्त्रज्ञांसाठी अर्पण झाली. ढोबळमानाने १५० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती आकाशातून येणारे अतिशय क्षीण सिग्नल ऐकते.

डिमरचा आणि याचा संबंध काय? लाट कापली जाते तेव्हा करंट काही मायक्रोसेकंदांत उडी मारतो. फुरियर सिरीज आठवा: जेवढी उडी तीव्र, तेवढे वरचे हार्मोनिक्स जास्त. त्यातूनच रेडिओ गोंगाट तयार होतो. चांगल्या डिमरमध्ये तो दाबायला चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. स्वस्त डिमरमध्ये पैसे वाचवायला हाच भाग गाळतात. आता एका घरातल्या डिमरने खोडदच्या दुर्बिणीचं काही बिघडेल असं नाही, त्याचा गोंगाट बहुतेक खालच्याच फ्रिक्वेन्सीत असतो आणि अंतराने विरतो. पण ज्या भागात आकाश ऐकणारा एवढा मोठा कान उघडा आहे, तिथे रेडिओ शांतता हा शेजारधर्म समजायला हरकत नाही.

आणि यात आपलाही फायदा आहे. मीडियम वेव्हचा जुना रेडिओ डिमरजवळ धरा आणि डिमर निम्म्यावर ठेवा. रेडिओ जोरात घूं घूं करायला लागला तर फिल्टर नाही असं समजा. जो डिमर फिल्टरवर काटकसर करतो, तो बाकीच्या भागांवरही करत असणार.

मग लोणीच्या घरात काय लावायचं?

ओटीवर पाहुण्यांची ऊठबस असते, रात्री टीव्हीही तिथेच. इथे बोर्डावर प्लग आहे, म्हणजे न्यूट्रल आहे. ट्रेलिंग एज डिमर मॉड्यूल आणि दोन डिमेबल बल्ब. घरात खऱ्या डिमरची जागा हीच.

मधल्या खोलीत लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर रात्री अगदी मंद उजेड लागतो. एकच दिवा आहे, तर स्मार्ट बल्ब चालेल, पण बटणावर पट्टी चिकटवून घरच्यांना सांगून ठेवा. नाहीतर सरळ पाव-अर्ध्या वॅटचा नाईट लॅम्प वेगळ्या बटणावर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तो कधी हँग होत नाही.

स्वयंपाकघरात विळी-सुरीचं काम, तिथे पूर्ण उजेडच हवा. साधं बटण, साधा बल्ब, विषय संपला.

जिन्यात दोन्हीकडे टू-वे बटणं असतात आणि एकटी असल्याने न्यूट्रल बहुधा नसतं. स्मार्ट करायचंच असेल तर मॉड्यूल वरच्या होल्डरजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवायचं. दिव्याचं न्यूट्रल तिथे आलेलंच असतं. कायम फेज तिथपर्यंत आणून खालची-वरची बटणं बेलच्या बटणासारखी करायची. हे काम वायरमनचंच.

अंगण आणि गोठा. इथे डिमर अजिबात नको! पूर्ण उजेड, पावसात टिकणारा दिवा, हातातलं बटण आणि सोबत हवं तर रिले मॉड्यूल किंवा अंधार पडला की लागणारा सेन्सर. उजेड असला की बिबट्या येतच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पाऊल टाकण्यापूर्वी आपल्याला समोरचं दिसतं, हे काय कमी आहे? आणि या दिव्याचं बटण घराच्या आत असलं पाहिजे, बाहेरच्या खांबावर नाही.

बिल कमी होतं का?

दुकानात हमखास सांगतात, "डिमर लावा, वीज वाचवा." हिशोब करू. ९ वॅटचा एलईडी रोज ५ तास चालला तर महिन्याला १.३५ युनिट. तो निम्म्या पॉवरवर चालवला तर वाचतात सुमारे ०.६८ युनिट. पण स्मार्ट मॉड्यूल स्वतः जागं राहायला समजा अर्धा वॅट घेत असेल, तर चोवीस तास, तीस दिवसांचे होतात ०.३६ युनिट. म्हणजे निम्मी बचत तर त्याने स्वतःच खाल्ली! राहिली महिन्याला एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. एवढ्यावर डिमरची किंमत किती वर्षांत वसूल होईल ते तुम्हीच काढा. बचत झाली ती पिवळा बल्ब काढून एलईडी लावला तेव्हाच.

मग डिमर घ्यायचाच कशाला? डोळ्यांसाठी. आपला डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. मीटरवर प्रकाश १० टक्के झाला तरी डोळ्याला तो सुमारे ३२ टक्के वाटतो. म्हणून रात्रीसाठी खरोखर मंद उजेड हवा असेल तर डिमर किती टक्क्यांपर्यंत खाली जातो हे बघावं लागतं. १० टक्क्यांना थांबणारा डिमर झोपायच्या खोलीत डोळ्यांवर येतो, १ टक्क्यापर्यंत जाणारा येत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी

वहीत एवढं लिहून न्या: कोणत्या खोलीत किती दिवे आणि किती वॅटचे, ते डिमेबल आहेत का, त्या बोर्डात न्यूट्रल आहे का, बोर्डाच्या मागे जागा किती, इन्व्हर्टर कोणता. दुकानदाराला विचारायचं: एलईडीसाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त लोड किती, व्होल्टेज किती ते किती, नेटशिवाय चालतं का, वीज परत आल्यावर काय होतं, भिंतीवरचं बटण तसंच राहतं का. आणि आधी एकच नग घ्या, महिनाभर वापरा, मग बाकीचे.

लोणीपासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हा तिथला मंत्र. शाळकरी मुलं तिथल्या अभ्यासक्रमात घरातलं वायरिंग स्वतः करून शिकतात. आपण चार वर्षं डिग्री करतो, फेजर डायग्राम काढतो, पण किती जणांनी स्वतःच्या घरातला एक बोर्ड उघडून फेज-न्यूट्रल ओळखलंय? येत्या सुट्टीत करून बघा. मेन बंद करून, इन्व्हर्टर बंद करून, वायरमनकाकांना शेजारी उभं करून. घरातल्या प्रत्येक बोर्डाचा नकाशा काढा आणि तो मेन स्विचच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. डिमर घ्या किंवा नका घेऊ, तो कागद पुढची वीस वर्षं कुणाच्या तरी उपयोगी पडेल.